आपणच उठवलेला डॉक्टर

(पेण व रोहा तालुक्यांतील डॉक्टरांच्या वार्षिक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



 

कार्यवाहांनी विषय दिला आहे : स्वातंत्र्यानंतरची आपल्या दोन तालुक्यांतील वैद्यकसेवा, एक आढावा. घेतो. देवी गेली, पोलिओ गेला, लेप्टो आला. धाटावला कारखाने आले, हमरापूर-जोह्याला गणपतींचे कारखाने वाढले आणि आपल्या ओपीडीत धुळीचा खोकला वाढला. महामार्गाचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले. त्या रस्त्याने आपल्याला किती फ्रॅक्चर दिली हे तुम्ही जाणता. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आपण ग्राहक कायद्याखाली आलो. दोन्ही तालुक्यांना उपजिल्हा रुग्णालये मिळाली, अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेज निघाले. झाला आढावा. आता मला बोलायचे आहे ते बोलतो.

सकाळच्या सत्रात सी.सी.एम.पी.वरून जुंपली. होमिओपॅथीच्या मित्रांनी एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आपली औषधे लिहावीत का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेगळ्या नोंदवहीत त्यांची नावे असावीत का? सप्टेंबर 2025 मध्ये आपण त्याविरुद्ध संपही केला. दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या. मी एकाही बाजूला वाजवली नाही. ज्या खुर्चीसाठी तुम्ही भांडता आहात, तिच्यावरचा माणूस आपणच उठवला आहे.

तो कसा उठला, ते ऐका. दुसरे महायुद्ध संपल्यावर सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य समितीने 1946 मध्ये अहवाल दिला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातलीच. त्यासाठी मी त्यांना दंडवत घालतो. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेले डॉक्टर सुमारे 47,500. त्यांतले तीस हजारांच्या आसपास पदवीधर नव्हते, लायसेन्शिएट होते : मॅट्रिकनंतर मेडिकल स्कूलमध्ये शिकलेले, आपल्याकडचे एल.सी.पी.एस. समितीने ठरवले की देशाने यापुढे एकच डॉक्टर घडवावा, पदवीवाला. काही सदस्यांचे मत वेगळे होते, पण बहुमत झाले. मेडिकल स्कूले बंद पडली किंवा त्यांची कॉलेजे झाली. लायसेन्शिएटांनाही समान दर्जा हवा होता, तो मिळायलाच हवा होता. पण दर्जा वाढवता वाढवता माणसांची ती जातच संपवली.

ती जात काय होती ते सांगतो. मी नवा एम.बी.बी.एस. होऊन पेणला आलो, तेव्हा शेजारी एक वृद्ध एल.सी.पी.एस. होते. एका पावसाळी रात्री खारेपाटातून बाळंतीण आणली. मूल झालेले, वार अडकलेली, रक्त थांबेना. वाटेत पाणी भरलेले. मी अलिबागला हलवण्याचा विचार करत होतो, तोवर म्हातारबुवांनी कोपरापर्यंत हात धुऊन हातमोजे चढवले होते. वार हाताने सोडवली, पोट चोळत पहाटेपर्यंत बसून राहिले. बाई वाचली. फी म्हणून तांदूळ आले, ते त्यांनी कंपौंडरला दिले. सकाळच्या सत्राला माझे उत्तर एवढेच आहे. पाटीवर कोणती अक्षरे आहेत हे त्या बाईने विचारले नव्हते.

कोणी म्हणेल, पदवीधरही खेड्यात राहतात, बावस्करांकडे बघा. बघतो ना! डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, 1982 मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'ने छापली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरून गंभीर रुग्णांमधले मृत्यू त्यांनी 30 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या घरात आणले. एम.डी. झाल्यावरही ते महाडकडेच परतले. पण बावस्कर अपवाद आहेत, आणि अपवादांवर आरोग्य खाते चालत नाही. बाकीची मुले 10 लाख भरून सेवेचा बाँड सोडवतात किंवा वर्षभर 'रेफर' एवढाच शब्द लिहून जातात.

लायसेन्शिएटासारखा डॉक्टर पुन्हा घडवायला छत्तीसगडने 2001 मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून पाहिला. 2010 च्या सुमारास भारतीय मेडिकल कौन्सिलने साडेतीन वर्षांचा ग्रामीण डॉक्टर सुचवला, तेव्हा 'अर्धवट डॉक्टर' म्हणून ओरडलो कोण? आपण. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याचे कलम आले, तेव्हा संपावर गेलो कोण? आपणच. पुढचे दार आपण लावून घेतले, आता मागच्या दाराने लोक येतात म्हणून तक्रार करतो.

माझी मागणी साधी आहे, ती ठराव म्हणून मांडतो. रायगडातल्याच मुलामुलींना, त्यातही ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या, तीन-चार वर्षे शिकवा. बाळंतपण, सर्पदंश, ताप, जुलाब, मोडलेले हाड, एवढे पक्के शिकवा. परवाना जिल्ह्यापुरता द्या. कार्यकारिणीने छोटी समिती नेमून मसुदा करावा. अभ्यासक्रम, पैसा, परीक्षा यांचे तपशील तरुणांनी ठरवावेत. मला त्यात ओढू नये.

ठरावाला विरोध होणार, हे समोरच्या रांगेकडे पाहूनच कळते आहे. जरूर करा. फक्त विरोधकांनी एवढे सांगावे : आज रात्री दोन वाजता रोह्याच्या डोंगरातल्या वाडीवर बाई अडली, तर तिथे कोण जाणार? नाव सांगा, मी ठराव मागे घेतो.