ठेवलेले पान आणि घडवलेले पान

संकेतस्थळावरून मिळणारा मजकूर दोन प्रकारचा असतो. बोधचिन्ह, छायाचित्र किंवा माहितीपत्रक कोणीही मागितले तरी जसेच्या तसे मिळते, म्हणून त्याला स्थिर मजकूर म्हणतात. याउलट मागणी आल्यावर आज्ञावली चालवून आणि माहितीसाठा धुंडाळून जो तयार केला जातो, तो गतिशील मजकूर होय. पुष्कळदा ही कामे दोन सर्व्हरांमध्ये वाटलेली असतात: उदाहरणार्थ, पुढचा एन्जिनएक्स सर्व्हर ठेवलेल्या फायली स्वतः देतो आणि घडवायची पाने मागच्या अपाचे सर्व्हरकडे सोपवतो.

ऑस्ट्रेलियात या विभागणीला अंतरामुळे विशेष महत्त्व येते. समजा, सर्व्हर कॅलिफोर्नियात आहे. ते सिडनीपासून सुमारे १२,००० किलोमीटरवर आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो, त्यामुळे नुसत्या जाण्यायेण्यातच सेकंदाचा आठवा भाग सरतो. स्थिर मजकुराची प्रत सिडनीत साठवून हा वेळ वाचवता येतो. प्रत्येकासाठी वेगळ्या घडणाऱ्या पानाला मात्र ही सोय सहसा लागू पडत नाही.

कोणता मजकूर कोठून आला, याचा माग उत्तरासोबतच्या हेडरमध्ये, म्हणजे ब्राउझर एरवी न दाखवणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये लागतो. 'सर्व्हर' या ओळीत नाव असते, परंतु पुढचा सर्व्हर बहुधा मागच्याचे नाव झाकतो, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही. 'एज' ही ओळ साठवलेल्या प्रतीचे वय सेकंदांत सांगते आणि तीच मागणी पुन्हा केल्यावर तो आकडा वाढला, तर उत्तर साठ्यातून आले असे समजावे. 'एक्स-पॉवर्ड-बाय' या ओळीत पीएचपी या आज्ञावलीच्या भाषेचे नाव दिसल्यास मागे आज्ञावली चालल्याचा तर्क करता येतो.

साठवलेल्या प्रतीची मर्यादा ९ ऑगस्ट २०१६ च्या ऑस्ट्रेलियन जनगणनेत स्पष्ट होते. त्या रात्री सेवा रोखणारे छोटे हल्ले, परदेशी मागण्या अडवण्याच्या योजनेतील उणीव आणि राउटरचा बिघाड एकत्र आल्याने ऑनलाइन अर्ज सुमारे ४० तास बंद राहिला. सूचनांचे पान साठ्यातून दाखवता येते. पण कुटुंबाने भरलेला अर्ज स्वीकारून नोंदवणे हे मागच्या सर्व्हरचेच काम असते आणि त्याच्याकडे जाणारी वाट बंद झाल्यास कोणतीही प्रत त्याच्या जागी उभी राहू शकत नाही.