लोखंडाला ठिपके किती?



अध्यापनात हयात वेचलेल्या शिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानात, वर्गात विचारल्या जाणाऱ्या एका साध्या प्रश्नाचाच विचार करावा असे मला वाटले. लोखंडाच्या चिन्हाभोवती ठिपके किती द्यावेत?

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन ल्युइस यांनी १९१६ साली ही ठिपक्यांची पद्धत मांडली. एक ठिपका म्हणजे एक संयुजा इलेक्ट्रॉन. सोडियमला एक, ऑक्सिजनला सहा, क्लोरीनला सात. आठ झाले की अष्टक पूर्ण. बाह्यतम कवचात एस् प्रकारचा एक आणि पी प्रकारचे तीन असे चार कक्षक असतात व प्रत्येकात दोन इलेक्ट्रॉन मावतात. चिन्हाच्या चार बाजूंशी हा हिशेब नेमका जुळतो.

लोखंडापाशी मात्र तो अडतो. त्याच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १४, २ अशी आहे. बाहेरचे दोनच ठिपके दिले, तर त्याची तीन संयुजा कोठून आली हे कळत नाही. आणि आपल्या गोव्याच्या हेमॅटाइट खनिजात व तांबड्या चिऱ्यात लोह त्याच अवस्थेत असते. आतल्या ३डी उपकवचातील सहा इलेक्ट्रॉन मिळवून आठ ठिपके दिले, तर लोखंड निऑनसारखे निष्क्रिय दिसू लागते. ज्या धातूला पावसाळ्यात गंज चढतो, त्याला निष्क्रिय कोण म्हणेल?

याचे मर्म असे, की ३डी आणि ४एस् यांच्या ऊर्जा परस्परांच्या फार जवळ आहेत. प्रथम ४एस् मधील दोन इलेक्ट्रॉन जातात. नंतर ३डी मधीलही जाऊ शकतात. किती जातील, हे समोरच्या अणूवर व परिस्थितीवर अवलंबून असते. मँगनीज काही क्षारांत दोन, कोरड्या विद्युतघटातील काळ्या डायऑक्साइडमध्ये चार, तर जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये सात अशा अवस्था धारण करते. शिवाय डी प्रकारचे कक्षक पाच. चारांत ते मिळविले की नऊ कक्षक आणि अठरा इलेक्ट्रॉन होतात. चार बाजूंच्या चिन्हाभोवती ते मावणार कसे? जस्ताचे ३डी पूर्ण भरलेले असून ते बंधनात सहसा भाग घेत नाही; म्हणून तेथे दोन ठिपके पुरतात.

तेव्हा ठिपक्यांची आकृती खोटी नव्हे; तिचे राज्य मर्यादित आहे. संक्रमण धातूंसाठी ठिपके न मोजता इलेक्ट्रॉन संरूपण लिहावे आणि संयुगातील ऑक्सिडीकरण अवस्था सांगावी, हेच योग्य.

शिक्षकबंधूंना माझी एकच विनंती आहे. एखाद्या मुलाने लोखंडाचे ठिपके विचारले, तर "ते अभ्यासक्रमात नाही" असे म्हणून त्याला खाली बसवू नये. नियम जेथे थांबतो, तेथेच त्या मुलाचे रसायनशास्त्र सुरू होत असते. ती सीमा त्याला प्रामाणिकपणे दाखविणे, हीच दिवंगत गुरुजनांना खरी आदरांजली होय.