नोकरी करणारी आई आणि तान्ह्याचे दूध



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार करायला आपण संकोचतो, तिची व्यवस्थाही आपल्या हातून होत नाही. आणि त्याची किंमत तान्हे मूल व त्याची आई मोजीत असतात.

प्रथम दूध कसे येते ते पाहू. आईचे दूध म्हणजे हंड्यात भरून ठेवलेले पाणी नव्हे, की सकाळी न घेतले तर संध्याकाळी मिळेल. मूल ओढते, स्तन रिकामा होतो, तसे नवे दूध बनते. स्तन भरलेलाच राहिला, तर गरज उरली नाही असे शरीर समजते आणि दूध आटू लागते. शिवाय स्तन दगडासारखे होतात, गाठी धरतात, कधी सूज येऊन तापही भरतो. म्हणून दहा-अकरा तास घराबाहेर राहणाऱ्या आईने दर तीन-चार तासांनी, हाताने किंवा पंपाने, दूध काढले पाहिजे.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. मुलाच्या आठवणीने पान्हा फुटतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. शास्त्र त्यामागे ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य दाखवते. भीती, घाई आणि लाज यांनी तोच पान्हा अडतो. कचेरीच्या संडासात उभी राहून ती दूध काढीत आहे आणि बाहेरून कोणी दार वाजवीत आहे. तिथे पान्हा कसा फुटावा? ज्या जागी आपण पोळीचा घास खाणार नाही, तिथे मुलाचे अन्न काढायला सांगणे हा कोणता न्याय?

कायद्याने काहीच केले नाही, असे नाही. मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिसाहाय्याचा कायदा १९२९ साली झाला. त्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कायदे कौन्सिलात पाठिंबा दिला होता. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर आवश्यक ठरले. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुटी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या तरतुदी राखल्या.

आता हिशेब करू. सव्वीसपैकी आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर उरतात अठरा. म्हणजे मूल चार महिन्यांचे होते न होते तोच आई कामावर! सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय पाजण्याची सुटी मूल जवळ आहे असे धरून चालते. मूल डोंबिवलीला आजीपाशी आणि आई फोर्टात, तर ती सुटी घेऊन तिने बसावे कुठे? अमेरिकेने २०१० साली दूध काढण्यासाठी वेळ आणि न्हाणीघराखेरीज आडोशाची जागा द्यावी, असा नियम केला. आपला कायदा वेळ देतो, पण दूध काढायला जागा देत नाही. आणि घरोघरी धुणीभांडी करणारीला तर यातले काहीच लाभत नाही.

घरीही एक शंका निघते, की काढलेले दूध शिळे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथे काढलेल्या दुधावरच अपुऱ्या दिवसांची बाळे पोसली जातात. स्वच्छ हात, उकळलेले झाकणाचे भांडे आणि थंडावा एवढे पथ्य पाळले, की शीतकपाटात ते चार दिवस टिकते. बाहेर पंचवीस अंशांपर्यंत चार तास. आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरावे. देताना चुलीवर उकळू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवावे आणि वाटी-चमच्याने पाजावे.

श्रोतेहो, मागणे मोठे नाही. आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, हात धुवायला पाणी, एक शीतकपाट आणि अर्ध्या तासाकडे घड्याळ दाखवून न पाहणारा साहेब. या सभेत कचेऱ्या आणि दुकाने चालवणारे गृहस्थ आहेत. जुने कागद ठेवायला ज्यांच्याकडे खोली आहे, त्यांनी उद्या ती एकदा उघडून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.