कायदा कोणी करावयाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



केंद्र आणि राज्ये यांच्यात कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी कशी झाली आहे, हा आजचा विषय. तो कळताच मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या आपल्या एका साथीने मला दारातच अडवून विचारले, "हे वकिलांचे काम. आमचे त्यात काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देता येत नसेल तर हे भाषण करण्यात अर्थ नाही. म्हणून मी राज्यघटनेच्या कलमांपासून सुरुवात न करता त्याच्या मजुरीपासून करतो.

माथाडी आणि हमाल कामगारांचा १९६९ चा कायदा दिल्लीच्या संसदेने केलेला नाही. तो महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी दिलेल्या लढ्याचे ते फळ होते. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला सकाळी एक मालक आणि दुपारी दुसरा. जबाबदारी मात्र कोणाचीच नाही, अशी स्थिती होती. या कायद्याने मालक आणि कामगार या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी करविली. मजुरी मंडळात भरावयाची आणि मंडळाने ती कामगाराला द्यावयाची, अशी व्यवस्था लावली. संसदेने देशभरासाठी असे काही करावे म्हणून आपण वाट पाहत बसलो असतो तर दोन पिढ्या वाट पाहण्यातच गेल्या असत्या.

राज्याला हे करता आले याचे कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. तेथे तीन सूची आहेत. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. कामगार संघटना, औद्योगिक तंटे, सामाजिक सुरक्षा आणि कामगार कल्याण हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्याही अधिकारातील आहेत. परंतु दोघांचे कायदे एकमेकांशी विसंगत ठरले तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा टिकतो. पण त्यानंतरही संसद तो बदलू शकते. जमीन दोघांची खरी, परंतु सातबारा कोणाच्या नावावर लिहावयाचा हे अखेर एकानेच ठरवावयाचे, असा हा प्रकार आहे.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळाला जे अधिकार मिळाले ते १९९८ च्या एका संसदीय कायद्याने मिळाले. त्याच कायद्यातील तरतूद वापरून जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या सरकारने स्कॉटलंडचे एक विधेयक प्रथमच अडविले. आपल्याकडील राज्यांचे अधिकार अशा उसनवारीचे नाहीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की, ही वाटणी केंद्राच्या कोणत्या कायद्याने नव्हे, तर खुद्द घटनेनेच केलेली आहे. तेव्हा राज्याचा अधिकार मागणारा दिल्लीच्या दारातला याचक नव्हे.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांनी तहसील कचेऱ्यांवर काढलेले मोर्चे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना आणि हे मोर्चे यांतून १९७७ चा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. संसदेला देशासाठी तसा कायदा करावयास २००५ साल उजाडले. मात्र या कायद्याची खरी ताकद त्याच्यामागच्या पैशात होती. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. विक्रीकर, मोटार वाहने आणि ओलिताची जमीन यांवर जादा आकारणी केली. आणि हा पैसा हमीच्या कामासाठी बाजूला काढला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दुष्काळी भागातल्या मजुराला काम मिळाले. कर बसविण्याचा अधिकार हाताशी नसता तर ती हमी नुसता ठराव राहिली असती.

आता हे हत्यार कसे बोथट होत गेले ते पाहू. २०१६ ची १०१ वी घटनादुरुस्ती आणि १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर यांनी विक्रीकराचा फार मोठा भाग राज्याच्या एकट्याच्या हातून काढून घेतला. परिषदेत केंद्राच्या मताला एकतृतीयांश वजन, सर्व राज्यांना मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत हवे. म्हणजे सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राच्या इच्छेविरुद्ध ती काही करू शकत नाहीत. परिषदेच्या शिफारशी विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले खरे. पण वेगळी वाट धरण्याचे धैर्य दाखवावयाचे कोणी?

आणीबाणीत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण, वने, वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण, वजनेमापे आणि कनिष्ठ न्यायालयांची रचना हे पाच विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतील पुष्कळ पाप धुतले. हे पाच विषय मात्र परत आले नाहीत. जनता राजवटीत आपणही सत्तेत होतो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

शेती आणि बाजार हे राज्यसूचीतील विषय. तरीही २०२० चे कृषिकायदे संसदेने केले ते प्रामुख्याने समवर्ती सूचीतील ३३ व्या नोंदीच्या आधारावर. अन्नधान्यावरील जो अधिकार मूळ घटनेने केंद्राला केवळ पाच वर्षांपुरता दिला होता, तो १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीने या नोंदीत कायमचा घालण्यात आला. टंचाईत गरिबाला धान्य मिळावे म्हणून दिलेला अधिकार बाजार खुला करण्यासाठी वापरला गेला! शेतकऱ्यांनी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर ठाण मांडले म्हणून २०२१ च्या नोव्हेंबरात ते कायदे मागे घ्यावे लागले. कामगारांच्या वाट्याला तसे यश आले नाही. २९ कायदे मोडून केलेल्या चार संहितांपैकी तीन सप्टेंबर २०२० मध्ये विरोधी पक्ष सभागृहाबाहेर असताना राज्यसभेत संमत झाल्या, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही अमलात आल्या. समवर्ती विषयावर कायदा करण्यापूर्वी राज्यांशी विचारविनिमय करावा, असे सरकारिया आयोगाने १९८८ सालीच सुचविले होते. त्यासाठी १९९० साली आंतरराज्य परिषदही स्थापन झाली. परंतु जुलै २०१६ च्या बैठकीनंतर, या संहिता होत होत्या त्या काळात, ती एकदाही भरली नाही.

इतके सांगून मी थांबलो तर तुम्हाला अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. राज्याचा अधिकार म्हणजे आपोआप श्रमिकांचे हित नव्हे. २०१४ साली राजस्थानने याच अनुच्छेद २५४ खाली राष्ट्रपतींची संमती मिळवून, सरकारच्या परवानगीवाचून कामगार कपात करण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांपर्यंत नेली. पुढे हीच मर्यादा २०२० च्या संहितेने साऱ्या देशाला लागू केली. आणि ज्या माथाडी कायद्याचा मी अभिमानाने उल्लेख केला, त्यात बदल करणारे २०२३ चे विधेयक दिल्लीहून आले नव्हते; ते आपल्याच राज्य सरकारने आणले आणि माथाडी संघटनांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले.

तीच गोष्ट खालच्या पायरीची. लोहियांच्या चौखंबा राज्यात गाव आणि जिल्हा हेही खांबच होते. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली, तीत पंचायतींसाठी २९ विषय लिहिले. पण त्यांतले किती द्यावयाचे ते राज्याच्या मर्जीवर सोडले. दिल्लीवर अन्यायाचा आरोप करणारे मुंबईचे मंत्री जिल्हा परिषदांशी कसे वागतात हे आपण पाहतोच. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचे राज्य चालले.

म्हणून आपली मागणी मुख्यमंत्र्यांच्या मानपानाची असू नये. समवर्ती विषयावरील प्रत्येक केंद्रीय विधेयक आधी विधिमंडळांकडे मतासाठी यावे, केंद्राने किमान दर्जा ठरवावा आणि त्याहून अधिक देण्याची मोकळीक राज्याला असावी, कमी देण्याची मात्र नसावी, असे आपण म्हटले पाहिजे. राज्यपालांकडे विधेयके पडून राहण्याचा प्रश्नही त्यातच येतो. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या दहा विधेयकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने कालमर्यादा घातल्या. नोव्हेंबरात मोठ्या पीठाने अशी मर्यादा न्यायालयाला घालता येत नाही असे मत दिले. तेव्हा ती मर्यादा आता घटनेतच लिहून घ्यावी लागेल.

दुपारच्या सत्रात हमाल साथी माथाडी मंडळाच्या कारभाराविषयी बोलणार आहेत. मजुरी वेळेवर मिळते का आणि नोंदणी का रखडते, हे ते माझ्याहून चांगले सांगतील. मी येथे थांबतो.