घाटमाथ्यावरची तळी आणि आपले बेट



इटलीत लोंबार्डी नावाचा एक प्रांत आहे. मिलान हे त्याचे मुख्य शहर. उत्तरेस आल्प्सच्या पायथ्याशी कोमो, गार्दा अशी मोठी सरोवरे आणि काठाने टुमदार गावे. जाऊन आलेले गृहस्थ त्यांची वर्णने मोठ्या चवीने सांगतात. आम्ही काही तेथे गेलो नाही. परंतु वाचताना एक गोष्ट मनात राहिली. कोमोतून आद्दा नदी बाहेर पडते. तिच्या पाण्यावर पादेर्नो येथे १८९८ साली वीज काढून ती मिलानला नेली. म्हणजे सरोवर आणि शहरातला कारखाना यांचे नाते तेथेही आहेच. तेव्हा म्हटले, आपल्याकडची लोंबार्डी आधी पाहावी. एस. टी.च्या भाड्यात ती होते.

लोणावळ्यास काय पाहावे हे तुम्हांला सांगायला नको. चिक्की आणि भुशीचे धरण. ते रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधले. आज लोक त्याच्या पायऱ्यांवर भिजतात. वळवण, शिरोटा आणि लोणावळे ही तळी मात्र टाटांच्या वीज कंपनीची. त्यांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीस वीज निघू लागली. मग आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर. १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा चालू झाले. युक्ती तिन्ही ठिकाणी एकच. पूर्वेला वाहणारी नदी घाटमाथ्यावर अडवायची, डोंगराच्या पोटातून पाणी पश्चिमेला काढायचे आणि सुमारे दीड हजार फूट खाली कोसळू द्यायचे.

ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. आता गिरणीतला दिवा म्हणजे कामगाराला सुख, असे कोणी समजू नये. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा मालकांनी दिवस मावळल्यावरही साचे चालू ठेवले, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. गडी माणसाला बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्याने. अभ्यासवर्गात आम्ही हे वर्षानुवर्षे सांगत आलो. पण ती वीज कोणाच्या शेतातून आली, हे आम्ही कधी सांगितले नाही. आम्हांलाच ठाऊक नव्हते, असे म्हणणे अधिक खरे.

पौडवरून मुळशीस गेलो. पाणी निळे, पलीकडे ताम्हिणीचे डोंगर. आता काठाला बंगले आणि हॉटेले झाली आहेत. एका टपरीवर चहा घेताना आम्ही सहज विचारले, “आजी, गाव कुठलं आपलं?” म्हातारीने पदर सावरून पाण्याकडे बोट केले. “त्यात हाय की बाबा. आमच्या आजेसासऱ्याचं.” एवढे बोलून ती पुन्हा स्टोव्हकडे वळली.

त्या पाण्याखाली आंबेमोहराची खाचरे होती. बावन्न गावांचा हा प्रश्न. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळे सत्याग्रहाला बसले. पुढारी पांडुरंग महादेव बापट. येथेच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. बायकाही तुरुंगात गेल्या. १९२४ साली धरणाच्या कामाची गाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची सजा झाली, आणि लढा संपला. पुण्याचे पुढारी लढ्याच्या बाजूने उभे राहिले, पण सावकारांचा डोळा जमिनीवर नव्हे तर भरपाईच्या रकमेवर होता. संपात असे सोबती आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आणि माणसे कोठे गेली? मावळ-मुळशीची पुष्कळ माणसे मुंबईस गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी डोक्यावर डब्यांची पाटी घेतली.

आता आपल्या राहू बेटाकडे येऊ. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळामुठा. रांजणगाव सांडसला दोघींचा संगम. ही मुळा म्हणजे तीच मुळशीची मुळा. माथ्यावरचे तिचे पाणी भिऱ्याकडे जाते. खाली येते ते मुळशीच्या अलीकडच्या ओढ्यांचे, पवनेचे, मुठेचे, आणि पुण्याचे सांडपाणी. मुठेवर खडकवासला १८७९ पासून आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याने नदी पाहिली, एरवी पुणे तिच्याकडे पाठ करूनच असते. आपल्या मोटारी मात्र याच नदीवर चालतात, आणि आपली जनावरे तेच पाणी पितात. उन्हाळ्यात जलपर्णी नदी झाकते आणि डास होतात, ते आम्ही काय सांगावे!

मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेला वळवा, अशी मागणी अलीकडे पुण्यात वारंवार होते. आम्हीही ती करण्याच्या बेतात होतो. म्हणून ताम्हिणी उतरून भिऱ्यास गेलो. वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेला मिळते. त्यावर खाली भातशेती आहे, रोह्याचे कारखाने आहेत, आणि कोलाडला तर शहरी पोरे त्या पाण्यावर रबरी होड्या चालवितात. पाणी सुटले की होडी, न सुटले की पोरे बसून. रोह्याच्या एका कामगाराला आम्ही आमची मागणी सांगितली. तो म्हणाला, “साहेब, तुमच्या राहूला पाणी द्यायचं तर आमचं कोण देणार?”

आम्ही त्याला राहूला यायचे आमंत्रण दिले आहे. तो येतो म्हणाला आहे. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर त्याला बसवा, म्हणजे नकाशा मध्ये ठेवून दोघांनाही बोलता येईल.