वेळणेश्वराहून हेदवीस : सड्यावरची वाट

शहरांतील कुटुंबें सुटींत कोंकणांत येतात, वेळणेश्वरास मोटारींतून उतरतात, शंकराचें दर्शन घेतात, वाळूंत घटकाभर पाय भिजवतात आणि लागलीच हेदवीच्या गणपतीकडे निघतात. दोन देवस्थानांच्या मध्यें उघडा, काळसर कातळाचा माळ लागतो. त्याकडे पाहून गाडींतील कोणीतरी म्हणतो, "येथें कांहींच नाहीं!" सभ्य श्रोतेहो, आजचें भाषण या 'कांहींच नाहीं'विषयींच आहे. त्याचा अर्थ कळण्यास एक दिवस आणि दोन पाय पुरतात.

चालण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवावा. यांत मुहूर्ताचा प्रश्न नाहीं. समुद्राचें वेळापत्रकच तिथीवर चालतें. किनाऱ्यावरचे लोक तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. चतुर्थीस चाराचे तीन होतात, म्हणून भरती स्थूलमानानें दुपारीं तीन वाजतां आणि ओहोटी तिच्या सहा तास आधीं, सकाळीं नऊच्या सुमारास. अष्टमीस हाच हिशेब सहावर येतो. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा उगवतो आणि भरतीहि तितकीच मागें सरकते, हें त्यांतलें रहस्य होय. चतुर्थी निवडली म्हणजे सकाळीं वेळणेश्वराची वाळू मोकळी मिळते, तिसऱ्या प्रहरीं हेदवीचा समुद्र भरलेला सांपडतो आणि गणपतीचा दिवसहि साधतो.

देवळामागें नारळी-पोफळींचीं आगरें आहेत. दोहों बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे आणि मधून दगडी पाखाडी, अशी कोंकणी गांवाची ठेवण येथेंहि दिसते. गांवांतील जाणत्यास वाट विचारून घ्यावी आणि चढणीस लागावें. चढणीवर ऐन, किंजळ, रातांबा यांची सांवली मिळते. मधून मधून काजूहि दिसतो. पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आलेला हा पाहुणा आतां येथला घरजांवई झाला आहे. धनेशाचा कर्कश आवाज कानीं आला, तर क्षणभर थांबावें. मोठ्या झाडांच्या ढोलींवांचून तो पक्षी घरटें करीत नाहीं, म्हणून त्याचें असणें हीच रानाच्या वयाची साक्ष होय.

चढ संपतो आणि एकाएकी झाडी मागें राहते. हा सडा. लक्षावधि वर्षांच्या ऊन-पावसानें मूळचा काळा पाषाण कुजला, त्यांतील वालुकांश पाण्याबरोबर वाहून गेला आणि लोह व ॲल्युमिनियम मागें राहून जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्यानें १८०७ सालीं मलबारांतील अशाच दगडास, विटेच्या लॅटिन नांवावरून, 'लॅटेराइट' म्हटलें. कारण हा दगड खणतांना मऊ असतो, विटेसारखा कापतां येतो आणि हवा लागली कीं कठीण होतो.

रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षास सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. सड्याच्या खळग्यांत त्याचीं लहान लहान तळीं सांचतात. भाद्रपदांत त्यांच्या कांठीं सीतेचीं आसवें या निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो. हीं नाजुक फुलें ज्या वनस्पतीचीं, ती सूक्ष्म कीटक खाऊन जगते! परंतु खरें तळें डोळ्यांस दिसत नाहीं. जांभ्याच्या भेगांतून व छिद्रांतून पाणी खालीं झिरपतें, चिकणमातीच्या थरापाशीं अडतें, मग आडवें सरकत डोंगराच्या पायथ्याशीं झऱ्याच्या रूपानें बाहेर येतें. आगरांतील विहिरींत वैशाखापर्यंत टिकणारें पाणी तें हेंच. पूर्वीं तें रहाटानें काढीत, आतां विजेच्या पंपानें काढतात; देणारा मात्र सडाच.

सरकारी दप्तरांत अशा जमिनीस 'पोटखराबा' म्हणतात. लागवडीच्या दृष्टीनें तो शब्द बरोबर असेल. परंतु तो शब्द कानांत बसला कीं जमीन विकणारास व खणणारास संकोच उरत नाहीं. चिरा काढूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. कोंकणांतील घरें, गडगे आणि कित्येक देवळें याच दगडाचीं आहेत. प्रश्न प्रमाणाचा आहे. माथ्यावरचा जांभा सरसकट उचलला, तर खालच्या विहिरीचें छप्पर नव्हे, कोठारच उचललें जातें. दुसरा ठेवाहि आहे. याच जिल्ह्यांत उक्षी, कशेळी, बारसू येथील सड्यांवर प्राचीन मानवानें चित्रें कोरलेलीं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांबीचा आहे. २०२२ सालीं हीं कातळशिल्पें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत आलीं. त्या मनुष्यास सडा ओसाड वाटला नव्हता.

सड्यावरून उतरलें कीं हेदवी. टेकडीवरील दशभुज गणेशाचें दर्शन घेऊन तीनच्या आधीं उमामहेश्वराच्या देवळापाशीं पोंचावें. तेथें खडकांत बामणघळ नांवाची अरुंद चीर आहे. भरतीची लाट तींत शिरली कीं कोंडलेलें पाणी गर्जत उंच उसळतें. चतुर्थीस उधाणाचा जोर ओसरूं लागलेला असतो. तरीहि ओल्या खडकावर जाऊं नये, मुलांचे हात धरून लांबूनच पाहावें. उन्मत्त पाणी पाहण्यास लोक दुरून येतात, तें स्वाभाविक आहे.

परंतु परतीच्या एस. टी.ची वाट पाहतांना कोणा गृहिणीनें ओसरीवर गूळ आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलें, तर पिण्याआधीं एकदां वर, डोंगरमाथ्याकडे पाहावें. सकाळीं ज्या तापलेल्या दगडावरून पाय ओढीत आलों, त्यानेंच तें गार पाणी पावसाळ्यापासून जपून ठेवलेलें असतें.