फाल्गुनातली पाचगणी

उन्हाळ्याच्या सुटीत पाचगणीस जाण्याचा आपल्याकडे प्रघात असला, तरी ज्यास त्या मुलखाचे अंतरंग पाहावयाचे आहे त्याने फाल्गुनातच तेथे मुक्काम करावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. सुमारे १,३०० मीटर उंचीवरचे टेबल लँडचे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार तेव्हा हिवाळ्याची थंडी सरून प्रसन्न झालेले असते, आणि २०१० साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या स्ट्रॉबेरीची तोडणी वाफ्यावाफ्यांतून चालू असते. महाबळेश्वरच्या वाटेवरील भिलार हे ४ मे २०१७पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले असून, तेथील घरांतून कोणासही विनामूल्य वाचीत बसता येते.

परंतु खरा सोहळा घाटाखाली आहे. फाल्गुन वद्य पंचमीस पसरणीचा घाट उतरून वाईमार्गे बावधन गावी बगाडाची यात्रा पाहावयास जावे. होळी पौर्णिमेस भैरवनाथाचा कौल घेऊन ज्या नवसकऱ्याची निवड होते, तो बगाड्या, कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून निघणाऱ्या अवजड लाकडी गाड्याच्या उंच शिडाला टांगला जातो, आणि एकापुढे एक जुंपलेल्या धिप्पाड बैलजोड्या तो गाडा, म्हणजेच बगाड, रस्ता सोडून थेट शिवारातून ओढू लागतात. दगडी चाके ढेकळांत रुतली की बैल बदलतात, गडी खांदा लावतात, आणि ‘काशीनाथाचं चांगभलं’ या गजरासरशी सारा डोलारा कचकन् पुढे सरकतो. रस्ते लवकर बंद होत असल्याने पाहुण्याने पहाटेसच निघावे व बैलांच्या वाटेपासून दूर, बांधावर उभे राहावे.